कोरडं अंथरूण

माझा धंदा कपडे धुण्याचा. पाटीवर 'लॉन्ड्री' असलं तरी कुणाचे शर्ट-पँट आम्ही घेत नाही. आमच्याकडे गाठोडी येतात. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे डगले, वसतिगृहांचे अभ्रे. खाली धुण्याची मशीनं, मागे वाळवणीची खोली आणि वरच्या मजल्यावर आमचं घर. एवढ्या आवाजात झोप कशी लागते, असं पाहुणे विचारायचे. आम्हाला उलट मशीन थांबलं की जाग यायची.

मशीनं माझी आणि गाठोडी बायकोची, अशी आमची वाटणी पहिल्या दिवसापासून होती. गाठोडं सोडायचं, एकेक कापड झटकून बघायचं, डागांप्रमाणे ढीग लावायचे, विरलं-फाटलं असेल ते बाजूला काढायचं, हे सगळं तिचं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाला कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे तीन टाके तीच घालायची, म्हणजे एकाची चादर दुसऱ्याकडे जायला नको. कापड वाळलंय की नाही हे मात्र ती हाताने कधीच बघायची नाही. तीस वर्षं पाण्यात राहून तिच्या हातांना ओलं-कोरडं कळेनासं झालं होतं. ती कापड गालाला लावायची, क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, अजून दहा मिनिटं. मी चिडवायचो, चादरींचे एवढे लाड, नवऱ्याचा गाल कधी तपासला नाहीस. त्यावर तिचं उत्तर तयार असायचं, की तुझं काही वाळायचं बाकी नाही, पार खडखडीत झालायस. चारचौघांत ती मला 'अहो' म्हणायची आणि दोघंच असलो की 'तू'. कामगारांसमोर चुकून 'तू' निसटलं की मी दिवसभर खुशीत असायचो.

गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी अपचन म्हणून आम्ही अंगावर काढलं, मग तपासण्या झाल्या, मग नको ते निघालं. सलाईनं झाली, केस गेले, परत आले, आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. आठ महिन्यांपूर्वी ती शेवटची खाली आली. तेव्हापासून गाठोड्यांचं टेबलही माझ्याच गळ्यात पडलं. मी ते काम करायचो, पण मला ते आवडत नव्हतं आणि जमतही नव्हतं. माझे टाके बघून ती म्हणायची की हे टाके नाहीत, कोंबडीचे पाय आहेत.

मग एके दिवशी डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. भला माणूस, पण सरळ बोलणं त्याच्या जिवावर यायचं. बराच वेळ कागद खालीवर केल्यावर तो म्हणाला, यापुढे औषधं बरं करण्यासाठी नाहीत, दुखू नये म्हणून आहेत. मग त्याने हॉस्पिस हा शब्द काढला. बरं होणार नाही अशा माणसाला शेवटपर्यंत नीट सांभाळणारी जागा, असा अर्थ त्याने सांगितला. तिने किती आठवडे म्हणून विचारलं. चार, फार तर सहा, असं तो टेबलाकडे बघून म्हणाला. गाठोडं कधी परत मिळेल हे कुणी सांगावं तशी तिने मान हलवली. मला मात्र समोरचं काही दिसेना.

घरी आल्यावर मी म्हणालो, कुठेही जायचं नाही, मी बघतो तुझं सगळं. तिने ऐकून घेतलं.

"घरी नको," ती म्हणाली. "तो जिना, ही वाफ, या ओल आलेल्या भिंती. आणि तुला जमणार नाही. तू माझ्यापाशी रडत बसशील आणि खाली मशीनं बंद."

"मग काय करायचं?"

"चांगली जागा बघ. मला एकच दे. जन्मभर ओल्यात हात घालून राहिले, त्याची तक्रार नाही. पण मरताना मला ओल्यात ठेवू नकोस. कोरड्या अंथरुणावर जाऊ दे. शब्द दे."

मी शब्द दिला. तिचा हात हातात घेऊन दिला. नखं पार झिजलेली होती त्या हाताची.

आमची मुलगी परदेशी असते. तिने फोनवरून कामाला सुरुवात केली. आमच्या गावात अशी दोन घरं होती आणि तिने इंटरनेटवर दोन्हींबद्दल वाचून काढलं. कुणाला किती तारे, कुणाची काय तक्रार, नर्स किती, खोल्या कशा, सगळं तिने मला तक्त्यात मांडून पाठवलं. तिच्या तक्त्यात दोन्ही घरं साधारण सारखीच उतरली होती. बाबा, तुम्ही दोन्हीकडे जा, प्रश्न विचारा, असं म्हणून तिने प्रश्नांची वेगळी यादी दिली. मी तिला हसलो. म्हणालो, पोरी, मी त्या लोकांच्या चादरी धुतो, मला ताऱ्यांचं काय सांगतेस.

खोटं नव्हतं ते. दोन्ही घरं आमची गिऱ्हाइकं होती. एक होतं बेकरीच्या मागे, जुनं, सहा खाटांचं. कितीतरी वर्षं त्यांचं काम आमच्याकडे होतं, पिवळा दोरा. दुसरं मोठ्या बागेतलं, नवं, काचांचं. त्यांचं काम आमच्याकडे सात महिन्यांपूर्वी आलं, म्हणजे बायकोचं खाली येणं बंद झाल्यानंतर. त्यांचा निळा दोरा मीच घातलेला होता.

आणि माणूस ज्याचं खातो त्यातच फसतो, तसा मी फसलो. बेकरीमागच्या घराची गाठोडी एका दिवसाआड यायची, चार-चार, पाच-पाच, जड, खालून पाणी गळणारी. सोडली की नाकाला फडकं बांधावं लागायचं. सूप, तेल, औषधं, आणि बाकी जे असतं ते सगळं त्यात. बागेतल्या घराचं मात्र आठवड्याला एकच गाठोडं, हलकं, कोरडं, वास नाही. डाग असले तर फिकट पिवळे, एका धुण्यात जाणारे. सात महिने मी मनात म्हणत आलो होतो, बघा, याला म्हणतात स्वच्छता.

तरी मुलीच्या समाधानासाठी दोन्हीकडे गेलो. बागेतल्या घरात दारातच माशांची काचपेटी होती. करड्या कोटातल्या मॅनेजरबाईंनी मला स्वतः फिरवून आणलं. खोल्या शांत, प्रत्येक खाटेवर पांढरी चादर अशी ताणलेली की नाणं उडवलं तर टप्पा पडेल. मी धंद्यातला माणूस, माझं मन तिथेच भरलं. घरची एखादी चादर आणायची असेल तर चालेल, पेशंटला बरं वाटतं, असंही त्या म्हणाल्या. बेकरीमागच्या घरात गेलो तर फरशी ओली, कुणीतरी मोठ्याने हसतंय, एक म्हातारा खाटेसकट स्वयंपाकघरात आणून ठेवलेला, कारण त्याला कांदा चिरलेला बघायचा होता म्हणे. एक सिस्टर बाह्या सरसावून बादली घेऊन माझ्या अंगावरूनच गेली आणि जाता जाता म्हणाली, बसा, आलेच. मी बसलो नाही. पाच मिनिटांत बाहेर पडलो आणि यादीतला एकही प्रश्न विचारला नाही.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, ठरलं, बागेतलं घर. खूप दिवसांनी मला काहीतरी जमल्यासारखं वाटत होतं.

तिने विचारलं, "चादरी कशा येतात त्यांच्या?"

"एकदम स्वच्छ. न धुता परत पाठवल्या तरी कळायचं नाही."

"आणि किती येतात?"

"थोड्याच. आठवड्याला एक गाठोडं."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटून म्हणाली, "बरं. तू बघितलंयस ना, मग बरं." मला वाटलं, तिला पटलं.

दोन दिवसांनी मी तिला तिथे नेलं. आमच्या पलंगावरची हिरव्या चौकडीची चादर बरोबर घेतली होती. सिस्टरनी ती तिच्याखाली घातली, अंगावर त्यांची पांढरी. भेटायची वेळ चार ते सहा. मी रोज चारला पाच मिनिटं असताना त्या काचपेटीसमोर उभा राहायचो. ती विंचरलेली, तोंड पुसलेली असायची, खोलीत लिंबाचा वास असायचा. पांढऱ्या चादरीखालून आमच्या हिरव्या चादरीची कड दिसायची आणि ती दिसली की मला बरं वाटायचं. सहा दिवस मला ती कड बघून बरं वाटत होतं. चादरी बदलण्यावर ज्याचं घर चाललं त्या माणसाला सहा दिवसांत एकदाही वाटलं नाही की तीच चादर अजून कशी.

मी रोज विचारायचो, कोरडी आहेस ना. ती हो म्हणायची. औषधामुळे तिचं बोलणं कमी झालं होतं, पण एवढं हो ती न चुकता म्हणायची.

सातव्या दिवशी सकाळी बागेतल्या घराचं गाठोडं आलं. नेहमीसारखं हलकं. मी ते सोडलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या थराखाली हिरवी चौकडी दिसली.

ती मी टेबलावर पसरली. मधोमध डाग होता, फिकट पिवळा, एका धुण्यात जाणारा. टेबलावर चहाचा कप पुन्हा पुन्हा ठेवल्यावर वर्तुळं एकात एक उमटतात, तशा त्याला कडा होत्या. मशीनवाला असलो तरी तीस वर्षांत एवढं मला कळत होतं. कापड ओलं झालं आणि जागच्या जागी वाळलं की ओलाव्याच्या टोकाला एक रेघ राहते. पुन्हा ओलं होऊन पुन्हा वाळलं की दुसरी. ते कापड दोरीवर वाळलेलं नव्हतं. माझ्या बायकोच्या अंगाखाली, तिच्या अंगाच्या उबेने वाळलेलं होतं. मी बोटाने रेघा मोजल्या. सात होत्या. कापड तिथे पत्र्यासारखं कडक झालं होतं.

मग मी गाठोड्यातल्या बाकीच्या चादरी उलगडल्या. सगळ्यांवर रेघा होत्या. सात महिने माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्याच चादरींवर असणार. त्या घरातून कोरडी चादर येत होती, कारण ओला माणूस तिच्यावर पडून राहत होता. आणि बेकरीमागच्या घरातून पाणी गळणारी गाठोडी येत होती, कारण तिथे चादर ओली झाली की माणसाखालून लगेच निघत होती. एवढी साधी गोष्ट. माझ्या बायकोने ती दोन प्रश्नांत ओळखली होती आणि मी छाती पुढे काढून उत्तरं दिली होती.

मी मशीनं चालू ठेवूनच निघालो. गाडीत धुतलेल्या चादरींचा एक गठ्ठा टाकला. बागेतल्या घरी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. भेटायची वेळ चारची आहे, असं दारातली मुलगी सांगत राहिली आणि मी चालत राहिलो. बायको डोळे उघडे ठेवून पडली होती. केस विंचरलेले नव्हते. मी वरची पांढरी चादर उचलली आणि खाली हात घातला. मांडीपर्यंत भिजली होती ती, गार पडली होती.

मला बघून तिने तोंड फिरवलं. तिला लाज वाटली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझ्यासमोर लाज वाटलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि ती माझ्यामुळे.

मॅनेजरबाई धावत आल्या. रात्री एकच सिस्टर असते, झोपेच्या औषधावर असलेल्या पेशंटला उगाच हलवायचं नाही असं आमचं धोरण आहे, त्रास होतो त्यांना, असं त्या समजावत होत्या. मी भांडलो नाही. भांडलो असतो तर तेवढा वेळ ती ओल्यात राहिली असती. मी तिला पुसलं, एका कुशीवर घेतलं, जुनी चादर गुंडाळत नेली आणि नवी सरकवत आणली. असं कधी केलेलं नव्हतं, पण झालं. ती एवढी हलकी झाली होती की भिजलेला टॉवेल तिच्याहून जड लागला असता.

"आलोच," मी तिला म्हणालो.

तिथून थेट बेकरीमागच्या घरी. बादलीवाली सिस्टर दारातच भेटली. तीच तिथली थोरली सिस्टर निघाली, सगळं घर तिच्या तोंडाकडे बघून चालायचं. मी एका दमात बायकोचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की सहाच खाटा आहेत, सहाही भरलेल्या आहेत, आणि कुणाला हलवणार, सगळे शेवटच्याच वाटेवर आहेत. म्हणाली, पाच-सहा दिवसांत एखादी जागा होईल कदाचित, नाव लिहून ठेवते. जागा होईल म्हणजे काय होईल हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी कुणाच्या तरी मरणाची वाट बघायला उभा होतो. मी वळलो.

तिने मागून विचारलं, "तुम्ही लॉन्ड्रीतून आलात का?" माझ्या डगल्यावर आमचं नाव होतं.

"हो."

"आमच्या चादरींना रफू कोण करायचं? सात-आठ महिने झाले, बंद झालंय ते."

मला काही कळेना. रफूचं काम आम्ही घेतच नाही. फाटलेलं बाजूला काढून तसंच परत करतो, हीच धंद्याची रीत. सिस्टरने मला आत एका लांबट खोलीत नेलं. दोन्ही बाजूंना फळ्या आणि फळ्यांवर चादरींच्या घड्या. तिने एक घडी काढून माझ्या हातात दिली. जिथे कापड विरलं होतं तिथे पांढऱ्या दोऱ्याने इतकं बारीक विणलेलं होतं की डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटाला लागत होतं तेवढंच. ती म्हणाली, अशा निम्म्या तरी असतील. कुणी मागितलं नव्हतं. जाड शिवण असली तर अशा पेशंटच्या कातडीला घासते, जखम होते. हे करणाऱ्या माणसाला ते माहीत होतं. एकदा येऊन आभार मानायचे राहूनच गेले, असं ती म्हणाली.

"तीच," मी म्हणालो. "तीच आहे ती. तिलाच जागा हवीय."

मी त्या चादरीत तोंड घालून रडलो. सिस्टर रडू देत होती आणि खोलीकडे नजर टाकत होती, दार किती रुंद, खिडकी कुठे. मग म्हणाली, इकडच्या फळ्या काढल्या तर एक खाट बसेल. तुमची गाडी आहे ना, दुपारी घेऊन या.

अशी माझी बायको चादरींच्या खोलीत आली. तिथे आल्यावर तिने आधी वर बघितलं, मग दोन्ही बाजूंना. मी पिवळा दोरा दाखवला. तिने खालच्या चादरीवरून हात फिरवला, पण हाताला काही कळलं नसावं, कारण मग तिने मान वळवून गाल टेकला. बराच वेळ तशीच राहिली.

तिथल्या दिवसांबद्दल तक्रारीला जागा नाही. सिस्टर कधीही यायच्या, चादरीखाली हात घालायच्या, गप्पा मारता मारता तिला कुशीवर घ्यायच्या आणि खालचं बदलून जायच्या. भेटायची वेळ वगैरे भानगड नव्हती. तिथे तिचं बोलणंही थोडं परत आलं. मी सूप भरवताना सांडलं तर म्हणायची, सांड सांड, धुवायचं तुलाच आहे.

तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवलं नसतं.

"तुला आधीच कळलं होतं ना? मी चादरींचं सांगितलं तेव्हाच?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती दिवसांनी खुशीत होतास. मला वाटलं, असेल एखादी जागा तशीही. माझंच चुकत असेल."

"आणि तिथे? रोज विचारत होतो मी, कोरडी आहेस ना म्हणून."

"विचारताना तुझं तोंड बघितलं असतंस," ती म्हणाली. "नाही म्हणायचा धीर नाही झाला रे."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने पाय हलवला, म्हणजे उठ. मग म्हणाली, झालं ते झालं, आता कोरडी आहे ना मी. मला मात्र ते सहा दिवस कुठेच ठेवता येत नाहीत, अजूनही येत नाहीत.

चौथ्या दिवशी मुलगी आली. दिवसभर आईच्या उशाशी बसून होती. आईने तिचे केस हातात घेऊन ठेवले होते. संध्याकाळी आम्ही दोघं बसल्या बसल्या कलंडायला लागलो तेव्हा थोरल्या सिस्टरने आम्हाला घरी पिटाळलं. आज काही होत नाही, झोपून या, तुम्ही पडलात तर मला खाट नाही, असं म्हणाली. सकाळी लवकर पोचलो तेव्हा बायकोचा श्वास बदललेला होता, लांब लांब झाला होता. रात्र कशी गेली विचारलं तर सिस्टर म्हणाली, शांत होत्या. तिचे स्वतःचे डोळे लाल होते आणि बाह्या दंडापर्यंत सरसावलेल्या होत्या. दुपारी बाराच्या सुमारास श्वास थांबला. मुलगी एका बाजूला आणि मी एका बाजूला. मी सगळ्यांत आधी काय केलं असेल तर चादरीखाली हात घातला. कोरडी होती. गरम आणि कोरडी.

तो दिवस आणि दुसरा दिवस जे करायचं असतं ते केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला बेकरीमागच्या घराची गाठोडी आली. थांबवायचं कुणाला सुचलं नसेल, आणि थांबवून काय करायचं. मुलगी वर झोपली होती. मी टेबलावर गाठोडी घेतली. नाकाला फडकं बांधलं नाही.

पाचव्या गाठोड्यात एक वेगळं बांधलेलं गाठोडं होतं. वरच्या अभ्र्यावर थोरल्या सिस्टरने चिठ्ठी टाचली होती. एवढंच लिहिलं होतं की या तुमच्या पत्नीच्या, शेवटच्या रात्रीच्या, दुसऱ्यांत मिसळायला नकोत म्हणून वेगळ्या बांधल्या. मी गाठ सोडली. ओल्या होत्या सगळ्या, जड, पाणी निथळत होतं. एकीवरही कड नव्हती, रेघ नव्हती. मी एकेक उचलून बाजूला ठेवली. नऊ निघाल्या.

एका रात्रीत नऊ वेळा. आम्ही घरी झोपलो होतो आणि तिचं अंग तिच्या ताब्यातून सुटत चाललं होतं, आणि त्या बाईने नऊ वेळा उठून तिला कुशीवर घेतलं होतं. मी दिलेला शब्द तिने पाळला होता. नऊपैकी पाच चादरींवर बोटाला रफू लागलं. माझी बायको स्वतःच्याच टाक्यांवर झोपली होती.

मी त्या मशीनला दिल्या नाहीत. मागे हौदावर बसून हाताने धुतल्या, एकेक. दुपारपर्यंत माझ्या हातांची कातडी सुरकुतली, बोटांना काही कळेना. मुलगी खाली आली, माझ्याकडे पाहून शेजारी बसली आणि पिळायला लागली. मग मी त्या वाळवणीच्या खोलीत टाकल्या. वाळल्या की लगेच परत पाठवायच्या होत्या. चादरींच्या खोलीतल्या त्या खाटेवर आदल्या दिवशीच कुणीतरी आलं होतं, सिस्टरने सांगितलं होतं फोनवर.

वाळल्या की नाही ते बघायला गेलो तर हाताला पत्ता लागेना. म्हणून मी तिच्यासारखं केलं. एकेक चादर गालाला लावली आणि डोळे मिटले. आठ चादरी कोरड्या निघाल्या, त्यांच्या घड्या घातल्या. नववी गालाला लावली आणि ती भिजली. पुन्हा वाळत घातली, पुन्हा गालाला लावली, पुन्हा भिजली. शेवटी मुलीने ती माझ्या हातातून घेतली, स्वतःच्या गालाला लावली आणि म्हणाली, बाबा, अजून दहा मिनिटं.